क्रिप्टिक शब्दकोडं: उत्तर येतं, फोड जमत नाही, परीक्षण कसं लिहायचं?

कोरी_चौकट (प्रश्न)

'द हिंदू'मधलं क्रिप्टिक (ज्याच्या क्लूचा एक भाग उत्तराचा अर्थ, म्हणजे व्याख्या, आणि दुसरा भाग ते उत्तर अक्षरांतून बनवण्याचा शब्दखेळ असतो) नेमाने सोडवते. निम्म्याहून जास्त क्लू सुटतात. पण पुष्कळदा आडव्या-उभ्या अक्षरांवरून शब्द सुचतो, दुसऱ्या दिवशीच्या उत्तराशी जुळतोही, आणि तरी क्लूमधले उरलेले शब्द तिथे कशाला होते ते सांगता येत नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आळीपाळीने एकेक जण त्या दिवशीच्या कोड्याचं परीक्षण लिहितो: प्रत्येक उत्तराची फोड (उत्तर क्लूमधून कसं निघतं ते), आवडलेला क्लू, न पटलेला क्लू. आता माझी पाळी येते आहे.

फोड पूर्ण झाली हे ओळखायचं कसं? क्लूला 'चुकीचा' म्हणायचं तर कशाच्या आधारावर? आणि शब्दसंग्रहाबद्दलही विचारायचं आहे. 'सेलर' आला की टी-ए-आर, 'वर्कर' आला की ए-एन-टी अशी यादी पाठ केली आहे, पण ती अनेकदा उलट अडकवते. यादी वापरायची कशी?

आडवं_उभं

यादीपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरंही तिथेच आहेत. एकच 'सेलर' तीन क्लूंमध्ये तीन वेगवेगळी कामं कसा करतो ते बघा. क्लू इथल्यापुरते बनवले आहेत; कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरसंख्या.

'सेलेब्रिटीज विथ सेलर ऑन बोर्ड (5)'. इथे तुमची यादी चालते. सेलर म्हणजे टी-ए-आर. 'ऑन बोर्ड' म्हणजे जहाजावर, आणि वाफेच्या जहाजाचं संक्षिप्त रूप एस-एस. या दोन एसच्या पोटात टार बसवला की एस-टी-ए-आर-एस, स्टार्स. व्याख्या 'सेलेब्रिटीज'.

'कॉम्पिटंट सेलर विथ द फ्रेंच (4)'. इथे सेलर म्हणजे ए-बी, एबल सीमन. 'द फ्रेंच' म्हणजे फ्रेंचमधलं 'द', एल-ई. उत्तर एबल. व्याख्या फक्त 'कॉम्पिटंट'. 'कॉम्पिटंट सेलर' हे शब्द एका श्वासात वाचले जातात आणि नेमकी तिथेच चीर आहे. व्याख्या आणि शब्दखेळ यांच्यातली सीमा कोडेकार मुद्दाम अशा जागी ठेवतो जिथे वाचणाऱ्याचा आवाज थांबत नाही.

'ड्रंक सेलर लूझिंग लव्ह फॉर दोज हू नेव्हर टेल द ट्रुथ (5)'. इथे सेलर म्हणजे सेलरच, एस-ए-आय-एल-ओ-आर ही सहा अक्षरं. 'ड्रंक' सांगतो की ती विस्कटा. 'लूझिंग लव्ह' सांगतो की ओ काढा, कारण टेनिसमधला लव्ह म्हणजे शून्य. उरली एस-ए-आय-एल-आर, नीट लावली की लायर्स. 'फॉर' हा नुसता सांधा.

म्हणजे 'सेलर' दिसल्यावर पहिला प्रश्न 'टार की एबी?' हा नाही. आधी ठरवायचं की या शब्दाचा अर्थ हवा आहे की अक्षरं. ते ठरवतो शेजारचा शब्द. ड्रंक, ब्रोकन, वाइल्ड, न्यू, आउट असे विस्कटण्याचे इशारे शेजारी असतील तर आधी अक्षरं मोजा. उत्तराच्या अक्षरसंख्येशी जुळली, किंवा एखादं काढून-घालून जुळण्याइतकी जवळ असली, तर अर्थाच्या मागे लागू नका.

यादी ठेवाच, पण शब्दाऐवजी विषयावर लावा. क्रिकेट आपल्याला फुकट मिळालेलं आहे: डक म्हणजे ओ, मेडन म्हणजे एम, बोल्ड म्हणजे बी, कॉट म्हणजे सी किंवा सी-टी, 'लेग' म्हणजे कधी ओ-एन, 'साइड' म्हणजे एक्स-आय, कारण संघात अकरा. लष्कर: एंजिनिअर्स म्हणजे आर-ई, गनर्स म्हणजे आर-ए, साधे शिपाई म्हणजे ओ-आर. संगीत: क्वायट म्हणजे पी, लाउड म्हणजे एफ. 'मॉडेल' म्हणजे टी, फोर्डच्या जुन्या मोटारीमुळे. 'फ्लॉवर' म्हणजे जो वाहतो तो, अर्थात नदी: डी, एक्स, पो. हा शेवटचा प्रकार दिसला की मराठी माध्यमातून आलेला सोडवणारा हमखास फुलांमध्ये अडकतो.

पेन्सिलवाला

वरचं सगळं मान्य. मी फक्त कोडं हातात घेतल्यानंतरच्या क्रमाबद्दल लिहितो.

जाळी 15 बाय 15 ची असते आणि अर्धं वळण दिल्यावर तशीच दिसते. क्लू साधारण 28 ते 32. एक आडवापासून क्रमाने जाऊ नका. आधी सगळे क्लू एकदा भरभर वाचा आणि तीन प्रकार हुडका.

पहिला, लपलेले शब्द. उत्तर क्लूमध्ये सरळ छापलेलं असतं. 'समीर, अजय होल्ड रेल्वे जंक्शन (5)' हा इंग्रजीत लिहून बघा. समीरची (एस-ए-एम-आय-आर) शेवटची तीन आणि अजयची पहिली दोन अक्षरं जोडली की मिरज. 'होल्ड', 'सम ऑफ', 'पार्ट ऑफ', 'विदिन' हे इशारे.

दुसरा, लांब विस्कटलेले. नऊ अक्षरांच्या वर गेलं की बहुतेक वेळा क्लूमध्ये तेवढ्याच अक्षरांचा गठ्ठा सापडतो. तो ओळीत लिहू नका, गोलाकार लिहा. ओळीत लिहिला की मूळ शब्दच डोळ्यांपुढे राहतो. आधीच भरलेली अक्षरं गठ्ठ्यातून खोडा आणि उरलेल्यांवरच विचार करा.

तिसरा, एकापेक्षा जास्त शब्दांची उत्तरं, (2,3,4) वगैरे. दोन-तीन अक्षरांच्या इंग्रजी शब्दांना पर्यायच थोडे: इन, ऑन, टू, द, अँड.

एवढ्यातून चार-पाच जागा भरल्या की त्यांच्या आसपासच काम करा. कोपरा पुरा करून पुढे सरका, कारण आडवा-उभा शब्द छेदतात तिथलं पहिलं अक्षर मिळालं की क्लू निम्म्याने सोपा होतो. जाळीभर सुटे शब्द पसरून ठेवले तर ती मदत मिळत नाही.

अनेकवचनी व्याख्या दिसली म्हणून शेवटी एस भरणं, किंवा भूतकाळ दिसला म्हणून ई-डी भरणं, हे फिकटच करा. मेन, माइस, डेटा हे सगळे एसशिवायचे आहेत.

उभ्या क्लूंमध्ये 'अप', 'रायझिंग', 'क्लाइंबिंग' हे उलटं वाचण्याचे इशारे असतात. आडव्यात ते चालत नाहीत, तिथे 'बॅक' किंवा 'रिटर्निंग' हवं. 'ऑन'चंही तसंच. उभ्यात 'अ ऑन ब' म्हणजे अ वर, ब खाली, म्हणजे आधी अ. आडव्यात मात्र अनेक संपादक ते उलटं धरतात, आधी ब आणि मग अ. क्रम चुकून फोड जुळत नाही अशी जी तक्रार असते, तिचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

आवाजावरचे क्लू ('रिपोर्टेड', 'वी हिअर', 'ऑन द रेडिओ') हे ब्रिटिश उच्चारांवर चालतात. त्या उच्चारात स्वरानंतरचा र गिळला जातो, म्हणून 'सॉस' आणि 'सोर्स' एकसारखे, 'कॉट' आणि 'कोर्ट' एकसारखे. आपण तो र स्पष्ट म्हणतो, त्यामुळे कानाला ते जुळत नाहीत. असा क्लू अडला तर संशयित शब्दातला र काढून पुन्हा म्हणून बघा.

सरावाची सोय: 'द टाइम्स'चं क्विक क्रिप्टिक, 2014 पासूनचं, 13 बाय 13. 'गार्डियन'चं क्विप्टिक नवशिक्यांसाठीच असतं. 'ऑब्झर्व्हर'चं एव्हरीमन त्याहून थोडं वर. कोशाचं म्हणाल तर रोजच्या कोड्याला कॉलिन्स किंवा ऑक्सफर्ड पुरतो. चेंबर्स लागतो तो काळ्या चौकोनांऐवजी जाड रेघांच्या जाळीवाल्या अवघड कोड्यांना.

सहाआडवा

परीक्षणाबद्दल. माझ्या मते फोडीची कसोटी एकच: क्लूमधला प्रत्येक शब्द आणि उत्तरातलं प्रत्येक अक्षर यांचा हिशेब लागला पाहिजे. शब्दाला चारच कामं असू शकतात: तो व्याख्येत आहे, अक्षरं पुरवतो आहे, त्या अक्षरांचं काय करायचं ते सांगतो आहे, किंवा दोन भागांमधला सांधा आहे. पाचवं काम नाही. एखादा शब्द यात कुठेच बसत नसेल तर दोन शक्यता: तुमची फोड अर्धवट आहे, किंवा कोडेकाराने वाक्य गोड दिसावं म्हणून भरताड घातलं आहे. दुसरं लिहिण्याआधी पहिलं तीनदा तपासा.

व्याख्येची कसोटी वेगळी. क्लूच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ती असते, मध्ये कधीच नाही. आणि एखाद्या वाक्यात व्याख्येच्या जागी उत्तर ठेवलं तर वाक्य व्याकरणाने टिकलं पाहिजे. नामाला नाम, क्रियापदाला त्याच काळाचं क्रियापद. 'अर्थ जवळचा आहे' एवढ्यावर सोडू नका.

अपवाद एकच मोठा: संपूर्ण क्लू एकाच वेळी व्याख्याही आणि शब्दखेळही. 'रॉयल अँड नोबल इंडियन, प्रायमरिली! (4)'. चार शब्दांची आद्याक्षरं आर-ए-एन-आय, आणि आख्खं वाक्य राणीचं वर्णन. शेवटचं उद्गारचिन्ह ही त्याची खूण असते. असा क्लू भेटला तर परीक्षणात त्याला जागा द्या, तो बांधणं फार कठीण काम आहे.

आता 'चुकीचा' म्हणायला आधार. हे नियम हवेतले नाहीत. 'ऑब्झर्व्हर'मध्ये टॉर्कमाडा या टोपणनावाने एडवर्ड पॉविस मॅदर्स 1939 पर्यंत कोडी करत होते, फार अवघड आणि बरीचशी मनमानी. त्यांच्यानंतर झिमेनिस, म्हणजे डेरिक मॅकनट, यांनी 1966 साली पुस्तकच लिहून क्लूचं व्याकरण घालून दिलं: नेमकी व्याख्या, नेमका शब्दखेळ, आणि बाकी काही नाही. त्याआधी आफ्रिट नावाने लिहिणाऱ्या रिचींनी 1949 मध्ये याचं सूत्र सांगितलं होतं. कोडेकाराने दिसतं तेच म्हणावं अशी सक्ती नाही, पण जे म्हणायचं आहे ते शब्दांत असलंच पाहिजे. झिमेनिस यांच्या जागी 1972 पासून अ‍ॅझेड आले. टॉर्कमाडा, झिमेनिस आणि अ‍ॅझेड ही टोपणनावं स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांची. अ‍ॅझेड म्हणजे 'देझा' उलटा.

या शिस्तीत जे बसत नाही त्याची तीन उदाहरणं देतो, परीक्षणात वारंवार लागतील.

एक: अप्रत्यक्ष विस्कट. वरच्या लायर्सच्या क्लूत 'सेलर'ऐवजी 'टार' लिहिला आणि सोडवणाऱ्याने टारवरून सेलर ओळखावा, मग तो विस्कटावा अशी अपेक्षा ठेवली, तर क्लू अन्यायकारक. विस्कटायची अक्षरं डोळ्यांसमोरच हवीत. ओ काढायला 'लव्ह' म्हटलेलं चालतं, कारण ते एकाच अक्षराचं ठरलेलं रूप आहे.

दोन: 'गेट्सहेड' हे गावाचं नाव जी या अक्षरासाठी वापरणं, म्हणजे 'गेटचं डोकं'. झिमेनिसवाले हे नाकारतात, कारण शब्द छापताना जोडलेला आहे आणि फोडायला कुठेच सांगितलेलं नाही. 'गार्डियन'मध्ये हे सर्रास चालतं.

तीन: मोठी लिपी. साध्या शब्दाला फसवण्यासाठी पहिलं अक्षर कॅपिटल देणं चालतं. उलट, विशेषनामाचं कॅपिटल काढून त्याला साधा शब्द म्हणून खपवणं चालत नाही. म्हणून कसलेला कोडेकार असं विशेषनाम वाक्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवतो, तिथे कॅपिटल आपोआप येतं.

पण परीक्षण लिहिताना त्या वर्तमानपत्राचा आणि त्या कोडेकाराचा रिवाज बघा. 'गार्डियन'चे अराउकेरिया (जॉन ग्रॅहम, निधन 2013) नियम पुष्कळ सैल सोडायचे, आणि तरी सोडवणाऱ्यांचं त्यांच्यावर अपार प्रेम होतं, कारण उत्तर मिळाल्यावर समाधान पुरेपूर मिळायचं. त्यांना झिमेनिसच्या फुटपट्टीने मोजण्यात अर्थ नाही. 'नियमाबाहेर' आणि 'वाईट' हे दोन वेगळे शेरे आहेत, ते वेगळेच लिहा. आणि 'मला हा शब्द माहीत नव्हता' हा तर शेराच नाही. अपरिचित शब्दाला सरळ शब्दखेळ दिला असेल तर कोडेकाराने आपली बाजू चोख ठेवली आहे. अपरिचित शब्द आणि वर विस्कटलेली अक्षरं, छेदणाऱ्या शब्दांवरूनही स्वर मिळत नाहीत, असं असेल तर मात्र नक्की तक्रार करा. तिथे सोडवणाऱ्याला स्वर कुठे बसवायचे हे ठरवायला काही साधनच उरत नाही.

शब्दखुंटी

थोडं विषयांतर, पण फोड शिकायला उपयोगी. मराठीत क्लू बांधून बघा, शब्दाची कामं लगेच डोळ्यांत भरतात.

'नको कणभरही, यात दडली किनारपट्टी (3)': कोकण, मधोमध लपलेलं. 'षड्जापाठोपाठ चांदणी, कंदी पेढ्यांचं गाव (3)': सा आणि तारा, सातारा. 'नदी उलटी वाहिली की गरीब (2)': दीन.

आपल्या कोड्यात चौकटीत अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट, म्हणून 'नदी' उलटवताना ईकार द बरोबरच जातो. खरी पंचाईत विभक्तीची. इंग्रजीत 'सेलर' वाक्यात कुठेही गेला तरी अक्षरं तीच राहतात. आपल्याकडे 'मका' उलटला की 'काम', हे छान, पण वाक्यात 'मक्याला उलटं केलं' म्हटलं की सामान्यरूप झालं आणि अक्षरं बदलली. मग प्रामाणिक क्लू बांधायचा तर 'मका उलटा पेरला की रोजगार' असं शब्द प्रथमेतच राहील अशा बेताने लिहावं लागतं. 'नदी'सारखे एकवचनात न बदलणारे शब्द त्यासाठी सोयीचे. र्‍हस्व-दीर्घाचंही पाहावं लागतं: शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो, तोच शब्दाच्या मध्ये गेला की र्‍हस्व व्हायला बघतो. ही बंधनं सांभाळून दहा क्लू लिहिले की दुसऱ्याच्या क्लूमधलं भरताड ओळखायला नजर तयार होते.

कोरी_चौकट

सगळ्यांचे आभार. एक नमुना लिहिते, तपासून द्याल का? क्लू गटातल्याच एकाने सरावासाठी बनवलेला: 'मदर बोल्ड अ सिंगल फॉर इंडियन सिटी (6)'.

माझी फोड: मदर म्हणजे एम-यू-एम, बोल्ड म्हणजे बी, सिंगल म्हणजे ए-आय (ए-वन या अर्थाने), उत्तर मुंबई. क्लू सोपा, व्याख्या फार मोघम.

सहाआडवा

उत्तर बरोबर, हिशेब चुकला. 'ए-आय' सगळं सिंगलला दिल्यामुळे क्लूमधला 'अ' बेकार राहिला. 'अ' हा स्वतःच ए. सिंगल म्हणजे एक, रोमन आकड्यात आय. 'फॉर' सांधा. आता शब्द शिल्लक नाही, अक्षरही नाही. 'ए-वन'चा अर्थ उत्कृष्ट, तो सिंगलला लागूच होत नाही. कोशात दोन्ही बाजूंनी पाहिलं असतं तर तिथेच थांबला असतात.

'मोघम' हा शेरा अर्धा पटतो. इंडियन सिटी म्हटल्यावर शेकडो नावं येतात खरी, पण शब्दखेळ इतका सरळ असताना व्याख्या सैल ठेवणं हा समतोल आहे. दोन्ही घट्ट असते तर सोडवायला काही उरलं नसतं. तुम्ही न लिहिलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: वरवर वाचलं तर कुठल्याशा शहराच्या संघाकडून खेळणारी आई एक धाव देते असं सरळ क्रिकेटचं चित्र उभं राहतं, आणि 'बोल्ड' व 'सिंगल' दोन्ही त्याच चित्रातले आहेत. वाक्याचा पृष्ठभाग अखंड आहे, ही या क्लूची खरी जमेची बाजू. परीक्षणात ते यायलाच हवं, कारण कोडेकाराची मेहनत तिथे गेलेली असते.

पेन्सिलवाला

मांडणीबद्दल दोन शब्द. छापील परीक्षणात व्याख्येखाली रेघ मारायचा रिवाज आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर अधोरेखन नाही, म्हणून व्याख्येच्या दोन्ही बाजूंना तारांकन घालून ती ठळक करा. एका ओळीत क्रमांक, क्लू, फोड आणि सर्वात शेवटी उत्तर. उत्तर आधी आलं की वाचणारा फोडीकडे बघतच नाही.

फोड सोडवतानाच समासात टिपा. संध्याकाळपर्यंत उत्तर लक्षात राहतं, वाट विसरते. ज्या शब्दाची फोड न कळता नुसत्या व्याख्येवरून भरला त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, आणि शेवटपर्यंत उलगडलं नाही तर परीक्षणात तसं उघड लिहा, कोणी ना कोणी पुरं करतं. पहिला सुटलेला आणि शेवटचा सुटलेला क्लू नोंदवा. अवघडपणा नेमका कुठे होता ते त्यावरून दिसतं.

सगळं भरून झालं की जाळीच्या चारही कडा आणि कर्ण वाचून बघा. काही कोडेकार तिथे एखादं नाव किंवा वाक्य लपवतात, त्याला 'नायना' म्हणतात. क्यू, झेड, एक्स, जे सगळे आलेले दिसले तर सव्वीसही अक्षरं आहेत का मोजा. आणि बक्षिसाचं कोडं असेल तर प्रवेशिकांची मुदत संपेपर्यंत एकाही क्लूची फोड गटात टाकू नका, 'इशारा' म्हणूनसुद्धा नाही.